सिल्वेस्टरचा फळा

डिसेंबर संपत आला की मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यांवर दिव्यांच्या माळा चढतात आणि एकतीस तारखेच्या खास थाळीचे फलक लागतात. राहुरीत आमच्या गल्लीतली पोरंही चार दिवस आधीपासून मोठाले कर्णे आणून ठेवतात. परवा सुनेनं विचारलं, "आई, थर्टी फर्स्टला तुमचा काय बेत?" मी म्हटलं, "बसणार आहे." नातू फिस्सकन हसला, कारण त्याच्या वयाच्या पोरांत बसण्याचा अर्थ निराळा. सुनेला वाटलं मी रुसले. रुसले नव्हते. गुडघे धरतात, पाय सुजतात, आणि वर्ष संपताना मला खरोखरच बसण्यापलीकडे काही नको असतं. पण ते एवढंच नाही, आणि बाकीचं सुनेला पोळ्या लाटता लाटता सांगण्यासारखं नाही.

ज्याला हे सगळे थर्टी फर्स्ट म्हणतात तो आमच्या घरी सिल्वेस्टरचा दिवस. सिल्वेस्टर हे एका संताचं नाव आणि तेच माझ्या वडिलांचंही. आप्पांचा जन्म कधीचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजी म्हणायची, हुरड्याच्या दिवसांत, साल सरता सरता झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी दाढीवाल्या परदेशी फादरांनी आपली दिनदर्शिका चाळली, एकतीस डिसेंबरवर बोट ठेवलं आणि त्या दिवसाच्या संताचं नाव बाळाला देऊन टाकलं. आप्पा मोठे झाल्यावर त्याच फादरांनी त्यांना सांगितलं की आमच्या देशात त्या संध्याकाळलाच सिल्वेस्टर म्हणतात, लोक जेवतात, गातात, एकमेकांचं बरं चिंततात. एका पोराला आणखी काय पाहिजे? साल संपतं ते आपल्या नावानं, हे आप्पांनी तेव्हाच धरून ठेवलं असणार.

आमचं गाव नेवाशाच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, तीसेक घरं. शाळा आणि देऊळ एकाच खोलीत. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. आठवडाभर आप्पा तिथं मुलांना शिकवायचे आणि रविवारी तिथंच प्रार्थना चालवायचे. फादर यायचे महिन्यातून एकदा, फटफटीवर, धुळीनं पांढरे होऊन. बाकी सगळं मास्तरांवर, म्हणजे आप्पांवर. आप्पा प्रार्थनेत कधी बसत नसत. लोक खाली जमिनीवर, आणि आप्पा पुढं, फळ्याशेजारी, ताठ उभे. तापानं फणफणलेले असतानाही मी त्यांना तसंच उभं पाहिलंय.

सिल्वेस्टरची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. रोम शहरात एक खोल विवर होतं, त्यात एक अजगर, आणि त्याच्या नुसत्या फुत्काराने माणसं मरायची. संत सिल्वेस्टर पायऱ्या उतरून खाली गेला आणि साध्या दोऱ्यानं त्यानं त्या अजगराचं तोंड बांधलं. इथवर फादरांनी सांगितलेलं. पुढचं आप्पांचं. त्या पायऱ्या किती होत्या? तीनशे पासष्ट. संत रोज एक पायरी चढतो. वर्षभर चढून एकतीस तारखेला तो काठावर येतो, दमलेला असतो, काठावर टेकतो आणि विचारतो, बाबांनो, वर्षात काय बरं घडलं तेवढं मला सांगा. आणि आपण सांगायचं असतं. वस्तीच्या पायविहिरीवर रोज चढउतार करणाऱ्या बायांना ही गोष्ट समजावून द्यावी लागत नसे.

म्हणून आमच्याकडे फळा. एकतीस तारखेला दिवेलागणीला आप्पा शाळेचा फळा ओल्या फडक्यानं पुसायचे आणि वर ठळक अक्षरात लिहायचे, 'सरत्या वर्षाचे उपकार'. मग एकेका घरानं एकेक उपकार सांगायचा आणि आप्पांनी तो एका ओळीत लिहायचा. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तो फळा कुणी पुसायचा नाही. किती ओळी मला अजून तोंडपाठ आहेत. शेळीला जोडीनं पिल्लं झाली. धाकट्याची खरूज गेली. हरवलेला कोंबडा परत आला. शेजारच्या मार्थामावशीनं एका वर्षी सांगितलं होतं, "सासू भांडायची थांबली." आप्पांनी खडू उचलला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सासू वारली होती. अख्खं देऊळ हसलं. आप्पांनी तरीही लिहिलं, कारण सांगितलेला उपकार नाकारायचा नाही असा त्यांचा नियम होता.

मी बोलतेय ती बहात्तर सालची गोष्ट. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना मी सांगून काय कळणार. मला आठवतो तो आवाजांचा दुष्काळ. पहाटे बैलांच्या घुंगरांचा आवाज नाही, कारण जनावरं छावणीला. निम्म्या घरांना कड्या, कारण माणसं प्रवराकाठी ऊसतोडीला. हुरडा नाही, म्हणून हुरड्याच्या रात्रीच्या गप्पा नाहीत. डिसेंबरात जोंधळा डोक्याइतका उभा असायचा तिथं वारा धूळ उडवत सरळ घरात यायचा. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना कडा फाटायच्या. दुष्काळी कामावर वाटायच्या सुकडीचा तो गोडसर, भाजका वास अजून कुठं आला तर मी तिथून उठून जाते. विहिरीच्या पायऱ्या सगळ्या उघड्या पडल्या होत्या आणि तळाशी बाया वाटीनं पाणी गोळा करत बसायच्या. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते त्या वर्षी मला समजलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नगरला सिस्टरांच्या वसतिगृहात राहून शिक्षिकेचा कोर्स करत होते. दोन वेळा जेवत होते, नळाखाली अंघोळ करत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. वसतिगृहाच्या कपाटात संतांच्या चरित्रांचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. साहजिकच मी आप्पांचा संत शोधला. शब्दकोश शेजारी घेऊन तीन संध्याकाळी ती दोन पानं वाचली. नाताळच्या सुटीत घरी जाताना एसटीत मी ती मनात घोळवत होते, वर्गात पहिला नंबर आल्यासारखी.

बावीस तारखेला संध्याकाळी पोचले. आप्पा ओट्यावर कंदिलाची काच पुसत होते. मी पाणीसुद्धा प्यायले नाही आणि सांगायला लागले. "आप्पा, तुमच्या संताचा आणि वर्ष संपण्याचा काही संबंधच नाही. तो रोमचा पोप होता. त्याला कुणी मारलं नाही, जाळलं नाही, म्हातारा होऊन साधा वारला. एकतीस डिसेंबरला त्याला पुरलं, म्हणून तो त्याचा दिवस. तेव्हा तर कितीतरी देशांत वर्ष भलत्याच दिवशी सुरू व्हायचं. मागाहून वर्षाचा शेवट त्याच्या दिवसावर येऊन पडला, एवढंच."

आप्पांनी काच खाली ठेवली. "अन् पायऱ्या?"

"पायऱ्या आहेत, पण आकडा नाही दिलेला. आणि ती दंतकथा आहे असं लिहिलंय."

"चढतो, असं?"

"नाही. उतरतो तेवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. काच कंदिलाला बसवली, वात पेटवली आणि आत गेले. मी तशीच उभी राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघा आमची एस्तर किती शिकली. आईनं चुलीपाशी सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "खरं असंल, बाई. पर यंदाच सांगाया पायजे हुतं का?"

त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलेनात. रागानं धुमसणारे आप्पा मला माहीत होते. हे तसं नव्हतं. ते माझ्याकडं बघायचे, पण मी बोलायला गेले की दुसरीकडं निघून जायचे. पाणी हवं असलं तर आईला सांगायचे. नाताळ आला आणि गेला. जुन्या वहीच्या पानांचा तारा दारावर लावला, करंज्या झाल्या नाहीत. फादर नाताळची मिस्सा-प्रार्थना करून दुसऱ्या गावाला गेले. आप्पांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि फादर थोडं हसून, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, तेवढं मी लांबून पाहिलं. म्हणजे मी सांगितलेलं खरं निघालं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ते खोटं निघालं असतं तर बरं.

घरात बसवेना, म्हणून मी आईबरोबर कामावर गेले. गावाच्या उत्तरेला पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. पुरुष खणायचे, बाया घमेल्यानं माती वाहून बांधावर टाकायच्या. सगळ्या गावच्या बाया. ज्यांच्या विहिरीवर आमच्या आज्यांना कधी चढू दिलं नव्हतं त्या घरच्या सुनाही डोक्यावर तेच घमेलं घेऊन आमच्या पुढंमागं चालत होत्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी मान लाकडासारखी झाली. खरी शिक्षा निराळीच होती. बसायला नव्हतं. कुणी जरा टेकलं की मुकादम ओरडायचा, "बसू नका गं, सायेब येत्याल!" साहेब मी एकदाच पाहिले, तेही जीपमध्ये. पण ते येतील म्हणून आम्ही दिवसभर उभ्या. जेवणाच्या सुटीत बाया भाकरी खाता खाता झोपायच्या.

मार्थामावशी आमच्यापुढं असायची. तिचा नवरा आणि दोन्ही पोरगे कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. मागं ती आणि तीन वर्षांची नात. नातीला बांधाच्या कडेला फडक्याच्या सावलीत ठेवायची आणि प्रत्येक खेपेला वळून बघायची. जिभेची तिखट बाई, पण त्या हिवाळ्यात तीही गप्प झाली होती. एकदा चालता चालता मला म्हणाली, "तुजा बा लई सुकलाय गं. काय बोलाचाली झाली का?" मी सांगितलं. तिनं घमेलं रिकामं केलं, कंबर सरळ केली आणि माघारी वळली.

वस्तीत कुजबुज होतीच. यंदा कसले उपकार? देवानं काय केलंय की फळ्यावर लिवायचं? काही जण म्हणत होते, यंदा फळा नको, उगं मास्तराला कशाला त्रास. आप्पांना सोपं होतं. गप्प बसले असते, फळा काढलाच नसता, कुणी नाव ठेवलं नसतं. किंवा नेहमीची गोष्ट नेहमीसारखी सांगितली असती. वस्तीत त्या दोन पानांचं मला, आईला आणि मार्थामावशीलाच ठाऊक होतं. पण मी त्यांना ओळखून होते. देवळात उभं राहून खोटं सांगणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर वीस वर्षांची मास्तरकी एका संध्याकाळी मातीत जाणार होती, तीही लोकांना धरायला दुसरं काही उरलं नसताना. रात्री अंग ठणकायचं आणि मी कूस बदलत पडायचे. माझ्या शहाणपणाची इतकी शिसारी मला पुन्हा कधी आली नाही.

मध्ये एकदा मी तो तलाव पाहून आले. नातवानं गाडीनं नेलं. आता त्यात पाणी असतं, बगळे असतात, कडेला कुणीतरी पेरू लावलेत. नातू म्हणाला, "आजी, हे तू बांधलंस?" मी म्हटलं, "पाच दिवस." त्याला तो विनोद वाटला. मी बांधावर दगड शोधून टेकले आणि बराच वेळ उठलेच नाही. आप्पा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेले उन्हाळ्यात, वैशाखात, भलत्याच संताच्या दिवशी.

त्या वर्षी एकतीस तारीख रविवारी आली होती. पण कामाची सुटी बाजारच्या दिवशी असायची, त्यामुळे रविवारीही सगळ्या तलावावरच. सूर्य बुडाल्यावर हजेरी झाली आणि आम्ही तशाच देवळाकडं वळलो. कुणी घरी जाऊन तोंड धुतलं नाही. धुणार कशानं? केसांत माती, भुवयांत माती. खोलीत गेल्याबरोबर बाया भिंतीला टेकल्या. मी आईशेजारी जमिनीवर बसले आणि पायांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. फळा पुसलेला होता. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आप्पा फळ्याशेजारी उभे होते. प्रार्थना झाली, पण गीत कुणाच्या गळ्यातून नीट निघालं नाही. मग आप्पा म्हणाले, "एक सांगायचंय. मी वीस वर्सं तुमाला चुकीचं सांगत आलो. संत सिल्वेस्टर साल सरताना काठावर येतो, आपलं ऐकतो, हे कुठं लिवलेलं न्हाई. माज्या मनानंच मी ते जुळवलं. त्याचा अन् साल सरायचा काही संबंध न्हाई. त्यो या दिवशी मातीत गेला, म्हनून ह्यो त्याचा दिवस. माज्या लेकीनं पुस्तकात वाचलं, मी फादरांना इचारलं. खरं हाय." थोडं थांबून म्हणाले, "माफी करा."

माझे कान तापले. मान वर करायची हिंमत होईना. मार्थामावशीची नात खोकली. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग यंदा फळा न्हाई व्हय?" आप्पांनी हातातल्या खडूकडं पाहिलं.

मार्थामावशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "मास्तर, केवढा हुता त्यो?"

"लई म्हातारा हुता म्हनत्यात."

"काम करीत हुता का घरी बसला हुता?"

"बसला कुठला? शेवटपतूर करीत हुता."

"मंग ह्या दिशी त्याला इसावा भेटला म्हना की," मावशी म्हणाली. आता तिनं डोळे उघडले. नातीचं डोकं मांडीवर सारखं केलं. "त्यात चुकलं काय तुमचं? दमला, अन् एकदाचा टेकला. लिवा माजं. आज बसाय भेटलं."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग फळ्याकडं वळले. मथळा लिहायला विसरले, किंवा मुद्दामच लिहिला नसेल. फळ्याच्या मधोमध त्यांनी लिहिलं, 'आज बसायला मिळालं.' खडूचा तो कर्रकर्र आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. मागचा म्हातारा म्हणाला, "आमचंबी त्येच." माझी आई म्हणाली, "आमचंबी." मग एकेका घराचं, भिंतीकडून भिंतीकडं, त्येच, त्येच, आमचंबी त्येच. दाराशी गावातल्या दोन बाया विसाव्याला थांबल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "आमचं चालतंय का लिवलेलं?" हसू आलं कुणालातरी. मी तोंडात पदर धरून रडत होते.

आप्पांनी दुसरी ओळ लिहिली नाही. दरवर्षी सगळ्यांचं झाल्यावर शेवटी ते आमच्या घराची ओळ लिहायचे, म्हणून सगळे वाट बघत होते. त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. हात धोतराला पुसले. लोकांच्या पायांमधून वाट काढत आमच्यापाशी आले. भिंतीला हात लावून, गुडघा मोडताना हलकेच कण्हत, ते खाली वाकले. देवळात मी त्यांना कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. जागा थोडी कमी होती.

"सरक जरा," आप्पा मला म्हणाले.

नऊ दिवसांत ते माझ्याशी बोलले ते एवढंच. मी सरकले.